दुपट्यांचा वारा

शेजारच्या शेवंतीमावशीनं पिळलेल्या दुपट्यांची बादली नलिनीच्या सायकलसमोर आदळली आणि कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली.

"वीज गेली गो सकाळपासून, पंखो बंद. पाळण्यात घालूक एक दुपटा सुकला नाय."

बाहेर पाऊस थांबत नव्हता. आज दुपारी मावशीच्या नातीचं बारसं आणि उद्या सकाळी आरे कॉलनीतली शर्यत. त्या शर्यतीतून राज्याच्या संघात मुली निवडायच्या होत्या. हा अख्खा पावसाळा ती घाटकोपरच्या असल्फ्यातल्या डोंगरावरच्या या चाळीच्या गॅलरीतच सायकल चालवत होती, कुठंही न जाता.

पार्ल्याच्या विद्याधर सरांनी तिला लोखंडी स्टँड दिला होता. त्यावर मागचं चाक अधांतरी राही. पण अधांतरी चाक म्हणजे नुसती भिंगरी, पायांना काही कळेच ना. "शर्यतीत खरं भांडण वाऱ्याशी असतं," सर म्हणाले होते. मग नलिनीनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून घेतला आणि त्याची पाती चाकाच्या तारांना घट्ट बांधली. पायडल मारलं की पाती वारा कापू लागत, वारा अडून बसे, आणि मांड्या अशा पेटत की खाली उतरल्यावर कठडा धरावा लागे. आधी सूर्यनमस्कार, मग बैठका, मग हे.

आषाढात हीच शेवंतीमावशी अंगावर आली होती.

"माझ्या पोटुशी चेडवाक झोपूक नको? ही घरघर बंद कर, नायतर सायकल टाकून देतंय डोंगरावरसून खाली."

पुढं तिची लेक सुगंधा बाळंत झाली. आणि एका पहाटे, पात्यांच्या मागं कठड्यावर, नलिनीला एक इवलासा लंगोट दिसला. दुसऱ्या दिवशी तिथं दोरी आली. भांडण मिटलं, असं दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही. फक्त रोज सकाळी नलिनी वाऱ्याशी भांडायची आणि मागच्या दोरीवर लंगोट फडफडत राहायचे.

पण आज? काल संध्याकाळी सर इथंच, गॅलरीत उभं राहून बजावून गेले होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी पायडलला पाय लावायचा नाही. पाय झोपवून ठेवायचे. थकलेले पाय आरेच्या चढावर दगा देतात.

नलिनीनं बादलीकडं पाहिलं. वर जाड गोधडी होती, पाळण्यात अंथरायची. दारात सुगंधा बाळाला छातीशी धरून उभी. बाळाची मूठ तिच्या पदरात अडकलेली.

ओल्या गोधडीवर निजवायचं का या पोरीला?

नलिनीनं वेणी वर बांधली, ओढणी कमरेला खोचली. हळू मारू, अगदी हळू, असं मनाशी म्हणत तिनं दांडीवरून पाय टाकला.

वेणीला मागून हिसडा बसला.

"खंय चढतंस?" मावशी म्हणाली. "उतर."

"अगं, तूच तर म्हणालीस ना..."

"मी तुका म्हटलंय? काल तुझो मास्तर काय बोललो, ता मी आयकलंय. मी भिंतीपलीकडे भाकऱ्या थापत होतंय, भयरी नाय झालंय." मावशीनं काष्टा खसकन आवळला. "ती सीट खाली कर. माझे पाय खंय पोचतले थंय?"

नलिनी हसू आवरत पाना आणायला धावली. सीटच्या दांड्यावर तिच्या उंचीची खूण होती, लाल नेलपॉलिशची. ती खूण दिसेनाशी होईपर्यंत सीट खाली गेली.

मावशी पाटावर चढली, पाटावरून सायकलवर. गॅलरीतली सगळी दारं उघडली.

"आई, पडशील गं," सुगंधा म्हणाली.

"पडान खंय? सायकल जाग्यावरसून हालताच खंय?"

पलीकडच्या खोलीतली प्रेमा तोंडाला पदर लावून म्हणाली, "मावशी, लायसन काढलंस काय?"

"तू दोरीवर दुपटी घाल आधी."

पाती हलली, अडखळली, फिरली. नलिनीनं मावशीच्या पाठीला हात लावला. जात्यावर वाढलेली ती पाठ, एकदा लय सापडल्यावर वाकेना की डगमगेना. धापेतून शब्द फुटू लागले:

"वाऱ्या, माझ्या भावा, ये रे ओसरीवरी,
नातीची दुपटी ओली, हात फिरव त्यांवरी..."

दुपटी फुगली. गोधडीचं टोक उचललं गेलं. मावशी दमली तशी प्रेमा चढली, प्रेमानंतर कोपऱ्यातली राधा, मग पुन्हा मावशीच, कुणाचं न ऐकता. घाम, हसू, ओव्या, आणि सगळ्या मजल्यावर साबणाचा वास घेऊन धावणारा वारा. नलिनी एका हातानं मावशीला धरून उभी होती. तिचे पाय मात्र झोपले नव्हते. प्रत्येक फेऱ्याबरोबर टाचा जमिनीवरून आपोआप उचलल्या जात होत्या.

गोधडी सुकली. मावशीनं ती गालाला लावून पाहिली, लेकीच्या हातात दिली. मग नलिनी आणि प्रेमानं धरून तिला खाली उतरवलं. तिनं कठडा धरला आणि पूर्वेकडं, धुरकट पावसात बघत विचारलं,

"मी खंयपर्यंत पोचलंय गो?"

"कुठल्या रस्त्यानं मावशी?"

"गावाच्या. दुसरो खंयचो?"

नलिनी हसली नाही. तिनं मनात रस्ता धरला.

"चेंबूर गेलं. गोवंडी गेली. आता मानखुर्द ओलांडलंस."

"खाडी दिसता?"

"दिसते. पूलसुद्धा दिसतो."

मावशीनं पदरानं कपाळ टिपलं, आणि वाकून, ज्या पायडलवर मघा तिचा पाय होता, ते हातानं पुसून काढलं.

"बरा," ती म्हणाली. "उद्या थंयसून फुडे तू जा."

बारशाच्या तयारीला ती आत गेली. नलिनीनं पाना उचलला आणि सीट वर घेऊ लागली, लाल खूण पुन्हा दिसेपर्यंत.