तिसऱ्या गिअरची तक्रार

अप्पांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक गाडी चालवणारी आणि दुसरी गाडी बिघडवणारी. पहिल्या प्रकारात ते स्वतः होते. दुसऱ्यात बाकी सगळं जग, आणि त्या जगाच्या अगदी पुढे त्यांची सून.

सून फिजिओथेरपिस्ट होती. ज्यांचे गुडघे, खांदे, कंबरा कामातून गेल्या आहेत अशांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा हलतं करायचं, हा तिचा व्यवसाय. पेशंट शहराच्या चारी टोकांना विखुरलेले. घरातली डिझेलची गाडी रोज सकाळी मिळायला लागली, तेव्हा कुठे तिला हे जमायला लागलं. त्याआधी ती दोन बस बदलून एका दवाखान्यात जायची आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांची बोलणी खायची. गाडी गेली की पुन्हा तोच दवाखाना, तीच बोलणी. हे अप्पांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर गाडीची किल्ली हा विषय त्यांना इतका गोड लागायचा.

गाडीला आवाज यायला लागला तो तिसऱ्या गिअरमध्ये. चौथ्यातही यायचा, पण तिसऱ्यात जास्त. घरघर आणि कण्हणं यांच्या मधलं काहीतरी. गंमत अशी की सून चालवत असली की तो येत नसे. अप्पा बसले की गाडी गळा काढायची. दुसऱ्या कुणी यावरून काही बोध घेतला असता. अप्पांनीही घेतला, पण स्वतःच्या सोयीचा.

"दिवसभर तू तिला पिदडतेस," ते जेवणाच्या टेबलावर म्हणाले, "आणि मग ती माझ्याकडे येऊन रडते. मालक कोण, ते गाडीलाही कळतं, सूनबाई."

माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मान डोलावली. माई नेहमीच मान डोलवायच्या. अप्पा म्हणाले आज उकडतंय की डोलवायच्या, अप्पा म्हणाले आज गारठा आहे की डोलवायच्या. लग्न होऊन आल्यावर सुनेने सुरुवातीला त्यांची कीव केली. मग तिला कंटाळा आला, आणि आता ती त्यांना खुर्च्या-कपाटांतच धरायची. या बाईला स्वतःचं मत म्हणून काही नसेलच, अशी तिची खात्री झाली होती.

नवऱ्याचं काय सांगावं! तो दोन्ही डगरींवर हात ठेवून जन्माला आला होता. "अप्पा म्हणतात त्यात तथ्य आहे," तो पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "आणि तू म्हणतेस त्यातही आहे." यावर सूनबाईने जी नजर टाकली तिने दूध फाटलं असतं. नवरा मात्र शांतपणे जेवत राहिला.

शेवटी अप्पांनी निवाडा जाहीर केला. गाडी मिस्त्रीकडे न्यायची, सगळ्यांनी मिळून जायचं आणि मिस्त्री जे सांगेल ते सगळ्यांच्या समोर ऐकायचं. चूक चालवणाऱ्याची निघाली, तर त्याने किल्ली परत करायची. अप्पा आयुष्यभर वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानदाराच्या तराजूत खोट काढायची तर चार माणसं गोळा करून काढायची, ही त्यांची जुनी सवय. आपल्या हातात असतो तोही तराजूच, हे त्यांना नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं.

"त्याने म्हणजे कुणी?" सुनेने विचारलं.

"ज्याची चूक त्याने. मी काय कुणाचं नाव घेतलंय?" अप्पा हसले. त्यांचं हसणं पाहून सुनेला वाटलं, यापेक्षा यांनी सरळ शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मिस्त्री म्हणजे पोट सुटलेला, डोक्याला तेलकट फडकं बांधलेला, उद्दाम माणूस. गिऱ्हाइकाला बोलू द्यायचं नाही, हा त्याचा नियम. अप्पांनी "याचं काय आहे की" एवढं म्हणेपर्यंत त्याने "क्लच-प्लेट गेली" असं सांगूनही टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. सुनेने विचारलं, क्लच-प्लेट गेली तर आवाज एवढ्या दोनच गिअरमध्ये कसा येईल? मिस्त्रीने तिच्याकडे न बघता अप्पांना विचारलं, "ह्या कोण?"

"ह्याच," अप्पा म्हणाले. एवढ्या एका शब्दात त्यांनी सगळा खटला मांडला.

मिस्त्रीने स्वतः गाडी काढली. शेजारी अप्पा, मागे सून, माई आणि नवरा. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. गाडी लोण्यासारखी चालली. काचा खाली करून भिंतीच्या कडेने नेली, तरी काही नाही. मिस्त्रीने गाडी थांबवली आणि वळून सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू या कुटुंबाला दुसरा काही उद्योगच नाही.

"आवाज कुठाय?"

"मी चालवतो, मग ऐका," अप्पा म्हणाले. जागा बदलल्या. अप्पांनी पट्टा लावला, आरसा ठीक केला, घसा साफ केला. तिसरा गिअर पडला आणि गाडीने गळा काढला.

"बघा!" अप्पा म्हणाले. एवढा आनंद त्यांना नातेवाइकांच्या लग्नातही झाला नव्हता.

मिस्त्रीचं तोंड उघडं राहिलं. मान तिरकी करून त्याने कान खाली नेला, पुन्हा वर आणला. "क्लचचंच आहे," तो म्हणाला, पण आता आवाजात जोर नव्हता.

सून मागच्या सीटवर मधोमध बसली होती आणि तिच्या डोळ्यांसमोर अप्पांचा खांदा होता. असे खांदे ती रोज बघायची. एक बाजू खाली लोंबलेली, सगळा भार एका हातावर. आणि तो हात गिअरच्या दांड्यावर, मुठीसकट, मनगटासकट. सिंहासनाच्या हातावर राजाने हात टाकावा, तसा आरामात टाकलेला. तिसरा गिअर पडला तरी हात तिथेच, चौथा पडला तरी तिथेच.

"अप्पा, हात उचला जरा," ती म्हणाली.

"मला गाडी शिकवू नकोस."

"एकदाच उचला."

"गाडी चालतेय, सूनबाई. चालत्या गाडीत बडबड करू नये."

मिस्त्रीने मात्र ऐकलं होतं. तो उद्दाम होता, बिनडोक नव्हता. त्याने सरळ अप्पांचं मनगट पकडलं आणि हात वर उचलला. आवाज थांबला. त्याने हात पुन्हा दांड्यावर दाबला. आवाज सुरू. उचलला, बंद. दाबला, सुरू. खेळणं सापडलेल्या पोरासारखं त्याने हे तीन-चारदा केलं. अप्पांचा चेहरा लाल होत गेला. मागे नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

सुनेला खरं तर मोठ्याने हसायचं होतं. तिने ओठ आवळले आणि हसू गिळलं. त्याची चव तिला फार आवडली.

गिअरबॉक्स उतरवला, त्यानंतर मिस्त्रीने पुन्हा सगळ्यांना बोलावून घेतलं. जुने भाग दाखवल्याशिवाय नवे बसवायचे नाहीत, हा त्याचा दुसरा नियम. ट्रेमध्ये काळ्या तेलात एक लोखंडी चिमटा पडला होता. दोन बोटं आणि मागे दांडा.

"गिअर बदलतो तो हा," मिस्त्री म्हणाला. "काम झालं की यानं मोकळं राहायचं असतं. वरून सतत हात दाबला की हा फिरत्या कड्यावर घासत बसतो. हे एक बोट बघा, झिजून पत्र्यासारखं झालंय. दुसरं नव्यासारखं आहे. कड्याच्या खाचेतही असंच. आणि यांचा सगळा कीस तेलात उतरून बेअरिंगला लागला. तेही बदलावं लागेल. हे काही एका महिन्याचं काम नाही, साहेब. वर्षांचं आहे."

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. त्यांनीच घातलेली अट होती. सगळ्यांच्या समोर.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दांडा इतक्या सोयीच्या जागी दिला तर माणूस हात ठेवणारच," ते म्हणाले. "कंपनीला अक्कल नाही." नाचता येईना अंगण वाकडं.

"डिझाइनचा दोष तर आहेच," नवरा म्हणाला.

सुनेला संताप आला नाही. संतापायला समोर माणूस लागतो. ती बोलणार होती ते असं की, अप्पा, अट आठवते ना? पण तेवढ्यात माई पुढे झाल्या आणि त्यांनी ट्रेमध्ये हात घालून तो चिमटा उचलला. तेल त्यांच्या मनगटावरून ओघळलं. त्यांनी झिजलेल्या बोटावरून अंगठा फिरवला.

"आधीच्या गाडीचाही असाच आवाज यायचा," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यात."

"मग तिचंही हेच असणार," मिस्त्री म्हणाला. "कोण चालवायचं?"

"हे. आणि वर्षभर मी."

नवऱ्याने खिडकी शोधली, पण गॅरेजला खिडकी नव्हती. "तू गाडी चालवायचीस, माई?"

"तुला शाळेत सोडायचे. तुला आठवत नाही, लहान होतास."

"आता ते कशाला उकरून काढतेस?" अप्पा म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, बाईचा हात लागला आणि गाडी बिघडली." माई अप्पांकडे बघत नव्हत्या, चिमट्याकडे बघत होत्या. "मला ते खरं वाटलं. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा कधी उचलली नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, मीच ती बिघडवली."

मिस्त्रीने हातातलं फडकं माईंपुढे धरलं.

सून माईंच्या मानेकडे बघत राहिली. या बाईला तिने कपाट समजून वागवलं होतं. रोज एकाच टेबलावर जेवून, रोज तिची मान हलताना बघून, ती मान आतून कुठे अडकली आहे हे आपल्याला एकदाही दिसलं नाही. खांदे आणि माना बघण्याचेच तर लोक आपल्याला पैसे देतात! तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून अप्पांचा आणखीच राग आला.

गाडी तयार झाली तेव्हा मिस्त्रीने सवयीने किल्ली अप्पांसमोर धरली. अप्पांनीही सवयीने हात पुढे केला. माईंनी मध्येच ती काढून घेतली.

"परवाना कधीच संपला तुझा," अप्पा म्हणाले.

"नवा काढीन." माईंनी किल्ली सुनेच्या हातात दिली. "आज तू चालव. मी शेजारी बसते, बघते. तुम्ही मागे बसा."

"मी? मागे?"

"मधोमध बसा. तिथून सगळं नीट दिसतं."

पडलो तरी नाक वर, अशा ऐटीत अप्पा मागे जाऊन बसले. सुनेने गाडी काढली. पहिला, दुसरा, तिसरा. नुसता इंजिनाचा आवाज, बाकी सगळं शांत. माई तिच्या पायांकडे आणि हाताकडे अधाशासारख्या बघत होत्या.

"तिसऱ्यात अजून काहीतरी वाजतंय," मागून अप्पा म्हणाले.

"काही वाजत नाही," माई म्हणाल्या. मान न वळवता. मग सुनेला म्हणाल्या, "पुढे चौकात फोटोवाला आहे ना, तिथे थांबव."

"आता फोटो कसला?" अप्पांनी विचारलं.

सुनेने वळणाचा दिवा लावला आणि गाडी कडेला घेतली. माई पदर सावरत उतरल्या. अप्पांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या खेपेला मुलाकडे बघून. मुलाने खिडकीबाहेर पाहिलं, दुकानात शिरणाऱ्या आईची पाठ त्याला दिसली, आणि जन्मात पहिल्यांदाच त्याने बापाच्या म्हणण्यात काही तथ्य आहे असं म्हटलं नाही.