रमच्या बाटलीतले गोबी

पोटाखालचे दोन पर पातळ पडद्याने जोडलेले होते. त्यांची छोटी वाटी झाली होती. शरयूने सुईच्या टोकाने तिची कड उचलून पाहिली. पडदा अखंड होता. म्हणजे मासा गोबी कुळातला, एवढे नक्की. करंगळीच्या पेराएवढ्या त्या माशाची जात मात्र ठरत नव्हती. जवळच्या दोन जाती केवळ अंगावरच्या रंगाने ओळखायच्या, आणि हा शिजलेल्या भातासारखा पांढरा पडला होता.

"रममध्ये ठेवलेत?" तिने विचारले.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुभेदार जोतीराम टोपी हातात धरून उभा होता. गाव वडूज, पलटण अंदमानात. त्याची बहीण शरयूची विद्यार्थिनी; म्हणून गेल्या सुट्टीत शरयूने त्याला प्रवाळातले मासे आणायला सांगितले होते.

"पलटनीत दुसरं काय मिळतंय, बाई? माझाच कोटा घातला. पोरं म्हनली, सुभेदार माशास्नी पाजतोय."

ती हसली. "रंग गेला."

"पान्यात लय देखनं व्हतं. अंगावर निळी रेघ."

"निळी की जांभळी? शेपटीपर्यंत जात होती?"

"आता म्या काय नवरी बघाय गेलतो व्हय?" मग तो ओशाळला. "चुकलंच माझं."

"नाही. फॉर्मॅलिनमध्येही रंग टिकला नसता. तो जिवंतपणीच पाहावा लागतो."

"मग या की बघाय. मागच्या खेपंलाबी म्हनला व्हता, येते."

तिथल्या संशोधन केंद्राने तिला जागा देऊ केली होती. तिने दोनदा मुदत मागून घेतली होती. आता सोमवारपर्यंत होकार कळवला नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. साताऱ्याचा भाऊ वडिलांना आपल्याकडे न्यायला केव्हाही तयार होता. आपण जाणार, हे वडिलांना सांगणेच तिला जमले नव्हते.

तिने चिठ्ठीवर 'गोबी, जात अनिश्चित' असे लिहून ती बाटलीला चिकटवली. कपाटात तशा बाटल्या बऱ्याच होत्या. समुद्र तिने एकदाच पाहिला होता, रत्नागिरीला. त्या दिवशी तो गढूळ होता.

संध्याकाळी घरी शेजारच्या गोदावरीकाकू वडिलांशी बोलत बसल्या होत्या.

"विष्णुपंत, साताऱ्याला जाऊन राहा ना. मुलगा एवढं बोलावतोय."

"कशाला? आमची शरयू कुठे जातेय? तिचे मासेसुद्धा बाटलीत बसून असतात."

काकू हसल्या. एरवी या विनोदावर शरयूही हसत असे. तिने चहाचा कप वडिलांच्या हातात दिला. मोतीबिंदूमुळे त्यांना कपाचा कान चटकन सापडत नसे. तो बोटांना लागेपर्यंत ती थांबली.

"नाना," ती म्हणाली, "मी अंदमानला जाते आहे."