संत इटाचे लाल अश्रू

कॉलेजच्या दर्शनी भिंतीखाली दोनतीनशे माणसं माना वर करून उभी होती. कमानीवरची संत इटाची दगडी मूर्ती रडत होती, आणि अश्रू लाल होते.

"दोन दिवस पाऊस नाही, तरी डोळे भरलेत. हे ढगाचं पाणी नव्हे, बायांनो," मॅलकी टिअर्नी खुर्चीवर उभा राहून सांगत होता. "या पाण्यात भिजवलेले कापसाचे तीन बोळे गाठीवर लावा. तिसऱ्याला गाठ विरघळते." गेल्या साली याच खुर्चीवरून तो केस उगवायचं तेल खपवत होता, डोक्यावरची टोपी न काढता.

रांगेत माझी बहीण डिम्फना होती. जानेवारीत तिच्या स्तनात गाठ निघाली. या अश्रूंच्या भरवशावर ऑपरेशनची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली होती. आता ऑगस्ट संपत आला होता.

मी गवंडी. भिंतीच्या डागडुजीसाठी त्याच आठवड्यात आम्ही परांची बांधली. मूर्तीपर्यंत चढलो, दगडांच्या सांध्यांवर बोट फिरवलं. सांधे सिमेंटने भरलेले होते. वीस वर्षांपूर्वी मीच भरले होते, चुना वाळायची वाट कोण बघणार म्हणून.

खाली येऊन म्हणालो, "मॅलकी, खुर्ची दे जरा."

लोकांना सांगितलं, "चुना भिंतीतलं पाणी बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं. पाऊस दोन दिवस आत मुरतो, मूर्तीला धरणाऱ्या लोखंडी सळईचा गंज घेतो आणि खोल कोरलेल्या डोळ्यांवाटे झिरपतो. तुम्ही अंगाला गंज चोळताय."

"देवाची थट्टा करतोस, फिन्टन?" एक म्हातारी म्हणाली.

"थट्टा नाही, आजी. माझी चूक सांगतोय."

वर जाऊन मूर्तीमागचं सिमेंट छिन्नीने फोडलं. भांडंभर लाल पाणी भिंतीवरून वाहिलं. तासाभरात डोळे कोरडे झाले. संत रुसली, असं पुटपुटत मॅलकी खुर्ची उचलून गेला.

डिम्फना तिथेच थांबली होती. "मग माझी गाठ लहान झाली, ती कशाने?"

"झाली का गं?"

तिने हातातला बोळा खाली टाकला. "नाही," म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिला हॉस्पिटलात नेलं. रोग हाडांपर्यंत पोचला होता. नोव्हेंबरात ती गेली. मला अजून स्वतःची चीड येते.

कुणी रडती मूर्ती दाखवली, तर आधी तिच्यामागची भिंत तपासा. आणि अंगात गाठ हाताला लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. डिम्फनाने ऑपरेशन पुढे ढकललं नसतं, तर हे तिनेच तुम्हाला सांगितलं असतं.