करुप्पर देवाच्या घोड्याचा कान

मित्रांनो, मातीचा असलो तरी मी साधासुधा नाही. मी करुप्पर देवाचा घोडा आहे, चांगला पुरुषभर उंच.

दक्षिणेत, पुदुक्कोट्टईकडच्या आमच्या गावात, तळ्याच्या काठावर देवाचे ठाणे आहे. गुरे पळवणाऱ्या टोळ्यांना कंटाळून जुन्या लोकांनी हा देव बसवला. मोठ्या मिशा, वटारलेले डोळे, हातात लांब कोयता. त्याला छप्पर नाही. राखण करणाऱ्याला भिंतींची आडकाठी कशाला, असे गावकरी म्हणतात. देव भारी कडक. त्याच्या पायरीवर हात ठेवून खोटे बोलायची कोणाची छाती होत नाही. बांधाची, पाण्याच्या पाळीची भांडणे तिथेच मिटतात.

देवाला दरवर्षी नवा घोडा लागतो. तो घडवायचा मान कुंभारांच्या घराचा. नवऱ्याची नजर गेली तेव्हा पेच्चीअक्काने हे काम हाती घेतले, आणि मी तिचा पहिला घोडा. गावचे प्रमुख चेल्लैया अंबलम यांना ते पटले नव्हते.

"बाईच्या हातचा घोडा वाटेतच फुटेल," ते म्हणाले.

वैशाखात माझे डोळे रंगवले, गळ्यात हार घातले आणि बारा जणांनी मला खांद्यावर घेतले. पुढे ढोल, मागे सगळे गाव. वाटेत चिंचेखाली थांबून सर्वांनी ताक प्यायले. ठाण्यावर उतरवले, तर माझा डावा कान गायब!

"मी म्हणालो नव्हतो?" अंबलम म्हणाले. "कच्चं भाजलंय. पुढच्या वर्षी दुसरा कुंभार बघू."

पेच्चीअक्काने मोडलेल्या कडेवरून बोट फिरवले. "मामा, कड आतपर्यंत लाल आहे. कच्ची असती तर काळी दिसली असती. ह्याला कोणाचा तरी धक्का लागलाय. सगळ्यांनी पायरीवर हात ठेवून सांगावं."

मला उचलणाऱ्या बारा जणांपैकी अडैक्कन पुढे झाला. "कान मी नाही तोडला. पण मी खांदा नुसताच टेकवला होता. वजन मुरुगप्पनवर होतं."

"तरीच माझा खांदा सुजला," मुरुगप्पन म्हणाला. "मी पण नाही तोडला. ताक मात्र तीन पेले प्यालो."

ढोलवाल्याने मागच्या वर्षी फणस चोरल्याचे कबूल केले.

"तुला फणसाचं कोणी विचारलं?" कोणीतरी ओरडले.

"देव समोर आहे, राहवलं नाही."

लोक पोट धरून हसत होते. मला सगळे ठाऊक होते, पण माझे तोंड मातीचे.

शेवटी अंबलम उरले. त्यांचा हात पायरीवर जाता जाता थांबला. मग टेकला.

"चिंचेखाली मी छत्री उघडली, तेव्हा टक्क वाजलं. वाटलं, फांदी मोडली." ते घुटमळले. "नाही. फांदी वाटली नव्हती. कळलं होतं मला."

मग पेच्चीअक्काने विचारले, "मामा, पुढचा घोडा कोणी करायचा?"

"तूच कर. फक्त माझ्यापासून लांब ठेव."

त्यानंतर तिने अकरा घोडे घडवले. ते सगळे माझ्या शेजारी ओळीने उभे आहेत. माझा रंग उडाला आहे, आणि कानाच्या भोकात साळुंकीने घरटे केले आहे. तिची पिल्ले ओरडू लागली की मला गुदगुल्या होतात.

मित्रांनो, आम्हा मातीच्या जिवांना जपून हाताळा. तरीही हातून काही मोडलेच, तर मुकाट्याने बाजूला होऊ नका, सांगून टाका. मोडलेल्या वस्तूला बोलता येत नाही, आणि बोल मात्र ती घडवणाऱ्या हातांना लागतो.