बाईसाहेबांच्या कड्या

माईच्या धाकट्या भावाने जहाजावर आचाऱ्याची नोकरी धरली, तेव्हा आपले दोन मोठे पोपट तो बहिणीकडे ठेवून गेला. निळ्या पाठीचे, पिवळ्या पोटाचे, शेपटीसकट हातभर लांब. नराला रावसाहेब म्हणायचे, मादीला बाईसाहेब. बाईसाहेब आल्या तेव्हा त्यांची छाती उघडी होती. स्वतःचीच पिसं उपटायची त्यांना खोड होती. माईकडे राहिल्यावर ती खोड गेली आणि छातीवर पिवळी पिसं पुन्हा धरली. कशाने, ते माईला ठाऊक नव्हतं. चांगलं होत असताना फार खोदून विचारू नये, असं तिला वाटे.

अडचण एकच होती. कसलीही कडी लावली तरी ती उघडून दोघं पिंजऱ्याबाहेर येत. माईचे यजमान कुलपं दुरुस्त करायचे, गल्लीभर त्यांना कुलूपवाले म्हणत, आणि त्यांच्याच घरातून कैदी पळत होते. एकदा दोघांनी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचे कपड्यांचे चिमटे एकूण एक फोडले. दुसऱ्यांदा ते न्हाव्याच्या दुकानात आरशासमोर जाऊन बसले आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर पळालं.

या गोष्टी भावाच्या कानावर गेल्या. नोकरी संपवून परतला होता तो. एका हॉटेलवाल्याला दर्शनी दालनात, काचेमागे ठेवायला असेच पोपट हवे होते. भावाने माईला स्वच्छ सांगितलं, की रविवारी येतो. पिंजऱ्यात दिसले तर तुझे, मोकळे दिसले तर हॉटेलवाल्याचे. माई नुसता बाईसाहेबांच्या छातीवरून हात फिरवत राहिली.

नवरा-बायको नवा पिंजरा बघायला गेले. दुकानदाराने आधी घुमटाचा, गोल, सोनेरी पिंजरा पुढे केला आणि त्याची शोभा वर्णन करायला लागला. माईने ऐकून घेतलं. मग कोपरं बाहेर काढून, पंख पसरल्यासारखी, ती त्या पिंजऱ्याशेजारी हळूच गोल फिरली. दुकानातली माणसं बघायला लागली.

"पंख उघडले की गजांना लागतील," ती म्हणाली. "आणि गोलात कोपरा नाही. रुसायचं झालं तर बसायचं कुठे?"

शेवटी तिने चौकोनी पिंजरा निवडला. उंचीला कपाटाएवढा, आडव्या गजांचा, म्हणजे चोचीत धरून चढता येईल असा. कुलूपवाल्यांनी त्याची लांबीरुंदी पाहिलीच नाही. ते गुडघ्यावर बसून कडीच निरखत होते. "हिला कडी म्हणत नाहीत," एवढंच बोलले.

त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर कारखाना सुरू झाला. कुलूपवाले एकेक कडी, खिट्टी, अडसर बनवत, एका फळीवर ठोकत, चारचारदा लावून उघडून बघत. लावली की दोनदा ओढत आणि समाधानाने म्हणत, "झालं." रावसाहेब आणि बाईसाहेब समोरच्या खुर्च्यांच्या पाठीवर बसून मान वाकडी करून बघत. कडी पिंजऱ्याला लागली की चहा निवायच्या आत दोघं बाहेर.

"अहो, तुम्ही कड्या बनवत नाही आहात," माई भांडी पुसता पुसता म्हणाली. "शिकवणी घेताय. तीही फुकट."

कुलूपवाल्यांना ते लागलं. शेराला सव्वाशेर भेटला तरी तो पंखवाला असावा, हे त्यांना सोसेना. त्यांनी दुकानातून किल्लीचं जाडजूड कुलूप आणलं, पिंजऱ्याला घातलं, किल्ली खिशात टाकली. पोपटांनी कुलूप चावून पाहिलं, गोल फिरवून पाहिलं आणि सोडून दिलं. घर शांत झालं. कुलूपवाले मिशीत हसत हिंडू लागले.

शुक्रवारी सकाळी माई पिंजऱ्याखालचा कागद बदलायला गेली, तर कागदावर कोवळी पिवळी पिसं पडली होती. बाईसाहेब कोपऱ्यात तोंड करून बसल्या होत्या आणि छातीवर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती.

माई तो कागद तसाच हातात घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"ज्याने चोच दिली तो चाराही देतो," ती हळू आवाजात म्हणाली. "उद्योग मात्र आपणच द्यायचा असतो. कड्या उघडण्यावरच तिची पिसं आली होती हो. आपण तिचं कामच काढून घेतलं."

कुलूपवाल्यांनी एक पीस उचलून तळहातावर घेतलं. हसू कधीच मावळलं होतं. मग उठून त्यांनी अडगळीतून हरलेल्या सगळ्या कड्या, खिट्ट्या, अडसर काढले. दाराला कुलूप राहील, पण आत भिंतीभर छोटे कप्पे बसवायचे, प्रत्येकाला वेगळी कडी, आणि कडीमागे बदाम. कड्या दर आठवड्याला बदलायच्या. "हरलेलीच कामाला आली," ते स्वतःशीच पुटपुटले.

रविवारी भाऊ यायच्या आधी बसवायचा शेवटचा कप्पा राहिला होता. पोपटांना खुर्चीवर बसवून, कुलूप काढून ठेवून, कुलूपवाले स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतःच पिंजऱ्यात शिरले. माई चहा टाकायला आत गेली. तेवढ्यात भाऊ आला.

त्याला दिसलं ते असं. रावसाहेबांनी पिंजऱ्याच्या दाराचा अडसर बाहेरून चोचीने सरकवून लावला. बाईसाहेबांनी तो धरून दोनदा ओढून पाहिला आणि अगदी कुलूपवाल्यांच्या आवाजात म्हणाल्या, "झालं."

माई बाहेर आली आणि दारातच थबकली. पोपट मोकळे होते. ठरल्याप्रमाणे सगळं संपलं होतं. तिने हातातल्या बशा टेबलावर ठेवल्या.

भाऊ मात्र खाली वाकून बाईसाहेबांची छाती बघत होता. त्याने बोटाने पिसं बाजूला सारली, पुन्हा बसवली. "माझ्याकडे हिला कधी एक पीस धरलं नाही, ताई," तो म्हणाला.

"अहो, कोणीतरी हे उघडा," पिंजऱ्यातून कुलूपवाल्यांचा आवाज आला.

"ठरलं होतं पिंजऱ्यात दिसले तर तुझे," भाऊ खुर्ची ओढून बसत म्हणाला. "पिंजऱ्यात कोणीतरी आहे खरं. दाजी तुझेच, पोपटही तुझेच. हॉटेलवाल्याला मी सांगतो काय ते."

माईने पदराने डोळे टिपले. मग तिने तीन कप भरले, दोन टेबलावर ठेवले आणि तिसरा गजांमधून आत दिला. अडसराला मात्र तिने हात लावला नाही. बाईसाहेब तिथे बसल्या होत्या आणि त्यांच्या कामात लुडबुड केलेली त्यांना खपत नसे.