बिनजिवाचं अंडं

सोमशेखर कलशेट्टींनी जन्मात कुणाचा माल वरवर बघून घेतला नव्हता. मार्केट यार्डात त्यांची तुरीची अडत. समोर पोत्यांची थप्पी लागली की हा माणूस वरच्या पोत्याकडं ढुंकून बघायचा नाही. मधलं पोतं ओढायचा, त्यात कोपरापर्यंत हात घालायचा, आणि मूठ बाहेर काढून बघायचा ते शेतकऱ्याच्या तोंडाकडं. तूर खोटं बोलत नाही, पण तिला बोलताही येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाला त्याच्या स्वतःच्याच मूत्रपिंडांनी वर्षानुवर्षं वरचं पोतं दाखवलं. कळलं तेव्हा आतला माल सगळा गेलेला होता. गादीवर मुलगा मल्लेश बसायला लागला आणि सोमशेखर दिवसाआड डायलिसिसच्या खुर्चीवर.

बायको धनलक्ष्मी बरोबर जायची. सुरुवातीला ती रडली, आणि व्यवस्थित रडली. माहेरच्यांसमोर, शेजारणींसमोर, सिद्धेश्वराच्या देवळात. पुढं रडणं थांबलं. रडणं एकटं गेलं नाही, जाताना बरंच काही घेऊन गेलं. बहिणीच्या नातवाचं बारसं झालं, ही गेली, पाळण्याची दोरी ओढली, परत आली. मधला दीर जागेच्या वादात चार शब्द टाकून बोलला, तर हिनं त्याला चहा विचारला. लोक म्हणायला लागले, काय धीराची बाई आहे. धीर-बीर काही नव्हता. आत कुणी घरी नव्हतं, एवढंच. पण लोकांना बंद दार दिसलं की आत पूजा चाललीय असं वाटतं.

त्यात अंड्याचं निघालं.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी रिपोर्ट बघून सांगितलं, अंगातलं प्रथिन खाली चाललंय. डाळ जास्त चालणार नाही, दूध मोजून. रोज अंड्याचं पांढरं द्या, पिवळं देऊ नका. सोमशेखरांनी बाईंना हात जोडले. घरी आल्यावर एकच शब्द बोलले, "बेडा." नको. त्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडं शिवलं नव्हतं. गळ्यात लिंग, सकाळी तळहातावर घेऊन पूजा. त्याच हातानं अंडं सोलायचं म्हणजे काय.

पुढच्या रिपोर्टात आकडा आणखी उतरला. पायावर सूज आली, ती दाबली की खड्डा राही. डॉक्टर तरुण होते, आडपडदा त्यांना शिकवलेला नव्हता. म्हणाले, काका, शरीराला बाहेरून मिळालं नाही तर ते आतलं खातं, आणि तुमच्या आत आता फारसं उरलेलं नाही. ही भाषा सोमशेखरांना कळली. एक दिवस भिंतीकडं तोंड करून पडले आणि उठून अटी सांगितल्या, जशा गिऱ्हाइकाला सांगाव्यात तशा. औषध म्हणून खाईन. स्वयंपाकघरात यायचं नाही, मागच्या पडवीत शिजवायचं, भांडं वेगळं. आणि शेवटची अट धनलक्ष्मीकडं बघून सांगितली.

"जीव नको त्यात. कुणीतरी डोळ्यानं बघून आलं पाहिजे. तू बघून ये. तू म्हणालीस तर खाईन, नाही म्हणालीस तर विषय संपला."

झालं. ज्या बाईला स्वतःचं काही कळेनासं झालं होतं, तिच्या एका हो-नाहीवर नवऱ्याचं जगणं येऊन टेकलं.

सून दिपाली बँकेत होती, आणि मोबाईलवर जगातलं सगळं बघून झालेली. तिनं आधीच एक खोका मागवून ठेवला होता. खोक्यावर हिरवंगार गवत, त्यात एक कोंबडी मान तिरकी करून उभी, खाली लिहिलेलं: मोकळ्या रानातल्या आनंदी कोंबड्यांची अंडी. सोमशेखरांनी खोका हातात घेतला, उलटापालटा केला. आनंदी आहे हे कुणी विचारलं तिला, म्हणाले. चित्रातल्या कोंबडीला भाव चांगला मिळालेला दिसतो. दिपाली हिरमुसली. खोका तिनं बँकेत वाटून टाकला.

मग महिपती आठवला. होटगीच्या अलीकडं त्याचं रान. पूर्वी अडतीवर तूर घालायचा, आता लेअरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, शेड टाकलेली, गावभर अंडी जायची त्याची. दुसऱ्या शनिवारी बँकेला सुटी होती, दिपालीनं सासूला स्कूटीवर मागं बसवलं.

महिपतीनं स्वागत जोरात केलं. शेटजींच्या घरचं माणूस आपल्या दारात, तेही अंड्यासाठी. त्याला हसावं की पाया पडावं कळेना, तर त्यानं दोन्ही केलं. अडचण ऐकल्यावर तो एकदम खुलला. "मावशी, तुमी अगदी बरोबर जागी आलाव. हितं नराचं नावच न्हाय. कोंबडा सोडा, कोंबड्याची सावली पडत न्हाय. निव्वळ शाकाहारी माल."

आणि त्यानं शेड दाखवली.

शेड लांबच लांब. दोन्ही अंगांना तारेचे पिंजरे, एकावर एक तीन ओळी. एका खणात चार कोंबड्या, पंख पसरायचे म्हणाल तर एकीनं उरलेल्या तिघींना बाहेर पाठवायला हवं. पुढून खाद्याची पन्हळ, वरून पाण्याची नळी, खालून जाळी उताराची. कोंबडीनं अंडं टाकलं की ते घरंगळून समोरच्या पट्टीवर येई. तिला ते दिसतही नसे. चोची शेंड्याला भाजून बोथट केलेल्या, नाहीतर एकमेकींना टोचून मारतात, महिपतीनं सांगितलं. तारेला घासून घासून मानेवरची पिसं गेलेली, खाली लाल कातडी. वास डोळ्यांत जात होता. आवाज मात्र आपण समजतो तसा कलकलाट नव्हता. एकसारखी कुरकुर, गिरणीचा पट्टा चालावा तशी.

दिपालीनं पदर नाकाला लावला आणि ती बाहेर पळाली. पाण्याच्या टाकीपाशी तिला ओकारी आली, डोळ्यांना धार लागली.

धनलक्ष्मी उभी राहिली. तिला ओकारी आली नाही, रडू आलं नाही. काहीच आलं नाही. ती नुसती बघत राहिली, कारण बघायला पाठवलं होतं. ओळीत बसलेले जीव, प्रत्येकाच्या तोंडापाशी नळी, वरून पांढरा दिवा, आणि कुणाचीच कुठं जायची गडबड नाही. तिला वाटलं, आपण इथं येऊन गेलोय. मग तिच्या ध्यानात आलं कुठं ते, दिवसाआड जातो तिथं. तरीही काही वाटलं नाही. एका कोंबडीनं तिच्याकडं बघितलं. हिनंही बघितलं. कुणीच नजर काढून घेतली नाही.

किती दिवस ठेवता, तिनं विचारलं. महिपती म्हणाला, दीड वर्षं धरा, पुढं अंडी कमी पडतात, मग गाडी येते हाटेलवाल्यांची. आणि घाईनं जोडलं, की तो हिशेब वेगळा, त्याचा अंड्याशी संबंध नाही. माणसं अशी. वह्या वेगळ्या केल्या की पापही वेगवेगळं पडतं असं त्यांना वाटतं. याबाबतीत महिपती एकटा नव्हता. तुरीच्या अडतीतही दोन वह्या असतातच.

बाहेर लिंबाखाली महिपतीची आई बजाबाई शेंगा निवडत बसली होती. तिच्याभोवती पाच-सहा गावरान कोंबड्या माती उकरत होत्या. एक तांबडी धुळीत कूस टाकून अंघोळ करत होती, पाय वर, डोळे मिटलेले, जगाला तिची गरज असली तर जगानं थांबावं अशा थाटात. आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवून एक तुरेवाला कोंबडा ऐटीत फिरत होता.

धनलक्ष्मी तिथं बसली. बजाबाईनं तिला शेंगा दिल्या. हिनं विचारलं, ही अंडी कोण खातं?

"आमीच की. महिपतीला शेडातलं गोड लागत न्हाय," म्हातारी म्हणाली. महिपती तेवढ्यात फोन आल्यासारखा बाजूला गेला.

धनलक्ष्मीनं ही अंडी मागितली. बजाबाईनं मान हलवली. तुम्हाला चालायची नाहीत, यात जीव आहे, कोंबडा आहे ना. पिवळ्यावर बारका ठिपका असतो, त्याचं पिल्लू होतं. मग तिनं या बाईच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कणव आली असावी. एक तोड आहे, म्हणाली. कोंबडा कापू. पंधरा-वीस दिवस गेले की मग अंडी बिनजिवाची. तसंही पाहुणे यायचेत.

म्हणजे तिन्ही बाजूंनी मांडून झालं. पिंजऱ्यातल्या अंड्यात जीव नाही, कारण तो सगळा बाहेर, पिंजऱ्यात आहे. लिंबाखालची कोंबडी सुखात, तर तिच्या अंड्यात जीव. दोन्ही सांभाळायचं तर कोंबडा मरतो. जीव कुठून तरी वजा होतोच. प्रश्न फक्त कुणाच्या नावावर लिहायचा.

"कोंबडा राहू दे," धनलक्ष्मी म्हणाली. "आहेत तशीच द्या."

परतताना दिपाली रस्ताभर बोलत होती. बाबांना सांगू नका, आई. कोंबडा नाही म्हणून सांगा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे, त्यांच्या जिवापेक्षा काय मोठं. आणि त्या शेडातलं काही कधी आणू नका, मला रात्री झोप लागणार नाही. सासू मागं बसून हं हं करत होती. मांडीवर पिशवी, पिशवीत ज्वारीच्या कोंड्यात पुरलेली अंडी. सून रडत होती आणि खोटं बोलायला सांगत होती, दोन्ही मनापासून. धनलक्ष्मीला तिचा थोडा हेवा वाटला असता, काही वाटत असतं तर.

सोमशेखर पडवीतल्या आरामखुर्चीत वाटच बघत होते. पाय स्टुलावर, सुजलेले. त्यांनी अंडी बघितलीच नाहीत. बायकोच्या तोंडाकडं बघितलं.

"जीव आहे?"

"आहे."

दिपालीनं दारातच कपाळाला हात लावला आणि आत निघून गेली.

मग धनलक्ष्मीनं सगळं सांगितलं. पिंजरे, चोची, मानेवरची कातडी, गाडी. लिंब, माती, कोंबडा. आवाज चढला नाही की उतरला नाही. बाजारभाव वाचावा तसं. सोमशेखरांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, मग हिशेब सरळ आहे. शेडातलं आणायचं. मी जीव नको म्हणालो होतो, तिथं जीव नाही. कोंबड्या मी पिंजऱ्यात घातल्या नाहीत.

"आणणार नाही मी."

"का? एवढं वाटलं तुला?"

खरं उत्तर शोधायला तिला वेळ लागला.

"काही वाटलं नाही. दिपालीला वाटलं, ती रडली. मला हल्ली कशाचंच काही वाटत नाही, तुमचंसुद्धा. सुई टोचतात तेव्हा मी भिंतीवरचं घड्याळ बघत असते." ती पिशवीतला कोंडा बाजूला सारत होती. "वाटलं नाही म्हणून काय झालं, दिसलं तर होतं. या अंड्यात जीव असेल, पण अजून सुरू नाही झाला. तिथं सुरू झालेत आणि संपत नाहीत. मी ते आणणार नाही."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. एवढं लांब ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती, आणि 'तुमचंसुद्धा' असं तर कधीच नाही. सोमशेखर दुखावले म्हणावं तर तसे दिसत नव्हते. मधल्या पोत्यात हात गेल्यावर होतो तसा चेहरा होता.

तिनं बारक्या स्टोव्हवर पाणी ठेवलं. अंडी किती वेळ उकळतात ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. दिपालीला विचारावं लागलं असतं, ती आतून बाहेर येईना, म्हणून पाणी आटत येईस्तोवर उकळली. सोलताना कवचाबरोबर निम्मं पांढरं निघून गेलं. वास आला तेव्हा सोमशेखरांनी तोंड फिरवलं, पण खुर्ची सोडली नाही.

बराच वेळ तिच्या हातातल्या ताटलीकडं बघून त्यांनी व्यापारी मार्ग काढला. ठिपका पिवळ्यावर असतो ना, म्हणाले. मला तर पांढरंच सांगितलंय. म्हणजे पिवळं काढून टाकलं की मी जीव खाल्ला नाही. नियम राहिला, औषधही झालं.

"टाकलं तर तो जीव फुकट गेला."

"मग कुणाला तरी दे."

"कुणाला? खाणाऱ्याला दिलं तर तो चव म्हणून खाईल. जीव आपण घेतलाय, आपल्याच वहीत लिहायला पाहिजे."

हे त्यांना कळलं. कळलं आणि पटकन त्यांचा हात पुढं आला, तिला अडवायला. पण सुजलेला पाय स्टुलावरून लवकर निघेना. तोवर धनलक्ष्मीनं अंडं चमच्यानं दोन भाग करून ठेवलं होतं. पिवळा गोळा गडगडत ताटलीच्या कडेला गेला. तिनं तो उचलला आणि तोंडात टाकला.

तो कोरडा होता, टाळूला चिकटला. तिला पाणी प्यावंसं वाटलं, पण नवऱ्यासमोर ती पाणी पीत नसे, त्यांना मोजून मिळायचं म्हणून. तिनं चावून चावून गिळला. वेळ लागला.

"धना," सोमशेखर म्हणाले. हे नाव ते फक्त आजारपणात घेत, स्वतःच्या नाही, तिच्या. "कसं लागलं?"

तिनं जीभ टाळूवरून फिरवली.

"कळलं नाही," म्हणाली. "तुमी खावा."

त्यांनी गळ्यातलं लिंग एकदा कपाळाला लावलं, सदऱ्याच्या आत सरकवलं, आणि पांढऱ्याचा तुकडा उचलला.