बर्फावरून जाणारं विमान

"तू त्याच्याच बाजूची, मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली आणि मापाची टेप नकाशावर दाबून धरली. "बघ. इथे आपण, इथे तो. मधे बर्फ कुठेय?"

मावशी कोट शिवते. तिचा मुलगा, आमचा दादा, सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशी गेला तो एकदाही आलेला नाही. जाताना विमानातून खाली नुसता बर्फ दिसला, असं त्याने तेव्हा कळवलं होतं. परवा शेजारणीकडून जगाचा नकाशा मिळाला आणि मावशीच्या मनात पाल चुकचुकली. टेप सरळ लावली की वाटेत समुद्र लागायचा, वाळवंट लागायचं. बर्फ पार वर, कागदाच्या काठाशी.

"एक थाप सापडली की बाकीच्याही सापडतात. तो त्या शहरात आहे तरी का? की इथेच कुठे तोंड लपवून बसलाय?"

"मावशी, काहीतरीच काय!"

"मी काय दूधखुळी आहे?"

दादा खरं बोलला होता आणि ते सिद्ध करायची मला घाई झाली. मी घरून पृथ्वीगोल आणला. टेपची टोकं दोन्ही शहरांवर धरून ताणली. टेप आपोआप वर सरकली आणि ध्रुवाजवळच्या पांढऱ्या भागावर जाऊन बसली.

"सगळ्यात जवळची वाट हीच. नकाशा सपाट असतो, म्हणून फसवतो."

तिने स्वतः दोनदा ताणून पाहिलं. मग कपाळावर हात मारून हसली. "बाई गं! उगाच पोराला बोल लावला."

मी खुशीत येऊन पुढचंही सांगून टाकलं. "तेरा हजार किलोमीटर. विमान तासाला नऊशेने जातं. पंधरा तास धर."

"पंधरा? मधे थांबत नाही कुठे?"

"थेट आहे."

"मग दोन दिवस कशाचे?"

मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं : दादाला वर्षाला आठवड्याची सुट्टी. दोन दिवस यायला जातात, दोन परतायला, उरतं काय? म्हणून येत नाही.

"विमानतळावर रांगा असतात, मावशी. शिवाय..."

"तू गप्प बस."

रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच काजं करत होते. मावशीच्या हातात बाही होती, म्हणून तिने फोन मशीनच्या कडेला ठेवून आवाज मोठा केला.

"आई, यंदाही जमेलसं दिसत नाही. दोन दिवस नुसते प्रवासात जातात गं."

मी सुई थांबवली. मावशीने बाही नीट उलटून घेतली.

"जाणारच रे. वर उलटा वारा असतो ना."



"हो," तो म्हणाला. "वारा असतो."

वर उलटा वारा खरंच असतो. त्याने फार तर तासभर जास्त लागतो. तिने मला विचारलं नाही.